नाट्यगृह मागच्या दारापासून आखायचं असतं

तालुक्याच्या गावात नाट्यगृह मंजूर झालं की सगळ्यात आधी एक चित्र येतं. काचेची दर्शनी बाजू, समोर कारंजं, रुंद पायऱ्या, आकाश निळंशार. ते चित्र पेपरात छापून येतं, चौकात फ्लेक्सवर झळकतं आणि पुढची काही वर्षं अख्खी इमारत त्या चित्रामागे फरफटत जाते. उद्घाटनाच्या दिवशी कळतं की नेपथ्याचा टेम्पो मागे जाऊच शकत नाही, कारण मागे जायला रस्ता ठेवलेला नाही.

सार्वजनिक इमारती करणाऱ्या आर्किटेक्टच्या ऑफिसात आम्ही उलट्या टोकाने सुरुवात करतो. टेम्पो कुठे लागेल, सेट किती वेळात उभा राहील, रंगपटात, म्हणजे मेकअपच्या खोलीत बसलेल्या कलाकाराला शौचालयासाठी प्रेक्षकांतून जावं लागेल का, हे आधी सोडवायचं. मागची बाजू जमली की पुढची जमवता येते. उलट क्रमाने कधी जमत नाही. हा लेख नगरसेवक, मुख्याधिकारी, नगर अभियंता, नाट्य परिषदेच्या शाखांमधली मंडळी आणि पहिल्यांदाच असं काम हाती घेणारे आर्किटेक्ट या सगळ्यांसाठी आहे. आकडे सुमारे ६५० आसनांचं नाट्यगृह धरून दिले आहेत.

पहिला टप्पा: किती खुर्च्या, हे कोण ठरवतं?

बैठकीत कोणीतरी ‘हजार’ म्हणतं आणि आकडा तिथेच चिकटतो. शेजारच्या गावाचं आठशेचं असेल तर आपलं हजारचंच हवं, एवढंच त्यामागचं कारण. पण हजार खुर्च्यांच्या सभागृहात साडेतीनशे माणसं बसली की नट हवालदिल होतो, निर्माता पुढची तारीख घेत नाही आणि एसीचं बिल मात्र हजारांचं येतं.

आकडा काढायची साधी पद्धत अशी. गावात वर्षभरात काय काय होतं ते लिहून काढा: व्यावसायिक नाटकं, सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य नाट्य स्पर्धा तुमच्या केंद्रावर होत असेल तर तिचे दिवस, शाळांची स्नेहसंमेलनं, व्याख्यानमाला, गाण्याचे कार्यक्रम, सत्कार, मेळावे. प्रत्येकापुढे नेहमीची गर्दी लिहा, सगळ्यात मोठी नव्हे. बहुतेक तालुक्यांत हे उत्तर ५०० ते ७०० च्या दरम्यान येतं. वर्षातून दोनदा होणाऱ्या मोठ्या मेळाव्यासाठी मैदान आहे, मांडव आहे. उरलेल्या पैशांत सव्वाशे-दीडशे जणांची, सपाट जमिनीची एक छोटी खोली करा. तालमी, एकांकिका, कवितावाचन, बालनाट्य शिबिर हे सगळं तिथे होतं, आणि मोठं सभागृह बंद असलं तरी वास्तू जागती राहते.

‘बहुउद्देशीय’ या मागणीपासून मात्र सांभाळा. लग्नंही व्हावीत म्हणून जमीन सपाट, खुर्च्या हलत्या, मागे स्वयंपाकघर, असं ठरलं की ते मंगल कार्यालय झालं. त्यात नाटक करता येतं, पण चौथ्या रांगेच्या मागून दिसत नाही. मंगल कार्यालयाची गरज खरी असेल तर ते वेगळं बांधा, उत्पन्नही चांगलं देईल.

या टप्प्यात एका नाट्यव्यवस्थापकाला, एका प्रकाशयोजनाकाराला आणि गावातल्या हौशी संस्थेच्या दोघांना बैठकीला बोलवा, मानधन देऊन. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली उघडलं. त्याच्या आखणीत पु. ल. देशपांडे यांचा सहभाग होता, म्हणजे रंगमंचावर स्वतः उभा राहणारा माणूस आराखड्याच्या टेबलाशी होता. आज हे सोपं असूनही होत नाही, कारण निविदेत त्या माणसासाठी रकाना नसतो. रकाना घाला.

दुसरा टप्पा: आर्किटेक्ट निवडणं

सगळ्यात कमी फी सांगणाऱ्याला काम, ही पद्धत गटाराच्या कामाला चालत असेल. नाट्यगृहाला चालत नाही. फीमध्ये वाचलेला एक टक्का बांधकामात दहा टक्क्यांनी परत जातो. निवडीचे दोन चांगले रस्ते आहेत. एक, गुणवत्ता आणि फी दोन्हींना गुण देऊन निवड, त्यात गुणवत्तेचं वजन सत्तर टक्क्यांच्या आसपास. दोन, वास्तुकला परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्पर्धा. स्पर्धेत परीक्षकांसमोर प्रवेशिका निनावी जाते आणि परीक्षकांत आर्किटेक्ट बहुसंख्य असतात. वेळ थोडा जास्त लागतो. पण नगरपरिषदेला पाच-सहा वेगवेगळे विचार समोर मांडलेले मिळतात, तेही काम सुरू होण्याआधी.

पात्रतेच्या अटींमध्ये वार्षिक उलाढालीचा मोठा आकडा टाकला की चांगली छोटी ऑफिसं दारातूनच परत जातात. त्याऐवजी विचारा: पूर्ण झालेलं सार्वजनिक सभागृह कोणतं? तिथल्या व्यवस्थापकाचा संपर्क द्या. मग खरोखर तिथे जा. मालकाला नव्हे, रंगमंचावरच्या इलेक्ट्रिशियनला विचारा. पाच मिनिटांत सगळं कळतं.

करारात सल्लागारांची नावं हवीत: संरचना, ध्वनी, रंगमंच यंत्रणा आणि प्रकाश, वातानुकूलन, विद्युत, अग्निसुरक्षा. त्यातला ध्वनीचा सल्लागार पहिल्या रेखाटनापासून हवा. मुंबईच्या एनसीपीएमधलं टाटा थिएटर १९८० साली सुरू झालं. त्याचे आर्किटेक्ट फिलिप जॉन्सन आणि ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस. हजारावर आसनांच्या त्या सभागृहाचा आकारच आवाजाच्या गणितातून आला आहे, आणि म्हणून तिथे माइकशिवाय बोललेलं शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतं. आपल्याकडे ध्वनीचा सल्लागार येतो तो भिंती उभ्या राहिल्यावर. मग तो बिचारा फोम आणि पॅनेल चिकटवण्यापलीकडे काय करणार?

फी कामाच्या टप्प्यांशी बांधा आणि बांधकामाच्या देखरेखीचा हिस्सा शेवटपर्यंत राखून ठेवा. नकाशे मंजूर झाले की ऐंशी टक्के फी गेली, असं झालं तर आर्किटेक्ट साइटवर दिसणार नाही. हे मी स्वतःच्या जमातीविरुद्ध सांगतो आहे.

तिसरा टप्पा: जागा

विकास आराखड्यात आरक्षण असलेला भूखंड बहुधा आधीच ठरलेला असतो. तरी चार गोष्टी पाहून घ्या.

आवाज: हमरस्ता, रेल्वे, शेजारचं मंगल कार्यालय. रात्री नऊ वाजता जागेवर उभं राहून डेसिबल मोजा, कारण प्रयोग रात्री असतो. पाणी: जुन्या माणसांना विचारा की पावसात इथे किती साचतं. तळघरात पंप, जनरेटर आणि विद्युत पॅनेल ठेवायची आपल्याला फार हौस असते. नाला जवळ असेल तर ती हौस टाळा. बस: एसटी स्थानकापासून चालत जाता येईल एवढं अंतर असेल तर आसपासच्या खेड्यांतले प्रेक्षक मिळतात, आणि शेवटची बस किती वाजता सुटते यावर तुमच्या प्रयोगाची वेळ ठरते. शेवटची गोष्ट वळण: नाटक कंपनीची बस आणि टेम्पो यांना मागे जाऊन वळून बाहेर पडता आलं पाहिजे. अग्निशमन बंबालाही तोच रस्ता लागतो, म्हणून इमारतीभोवती ६ मीटर मोकळा, पक्का रस्ता धरा आणि त्यावर नंतर पार्किंगचे पट्टे मारू देऊ नका.

चौथा टप्पा: नकाशाआधी छेद

आर्किटेक्टने पहिल्या सादरीकरणात प्लॅन आणि थ्रीडी आणलं तर त्याला नम्रपणे विचारा, ‘छेद कुठे आहे?’ छेद म्हणजे इमारत उभी कापल्यावर आतून जशी दिसेल तसं चित्र. नाट्यगृह त्या उभ्या छेदात जन्माला येतं. टेम्पोचा धक्का, रंगमंच, पहिली रांग, शेवटची रांग, छत, छतातले दिवे हे सगळं एकाच रेषेत तिथेच दिसतं.

शेवटचा प्रेक्षक पडद्याच्या रेषेपासून २३ मीटरच्या आत हवा, असं सभागृहांच्या ध्वनिरचनेसाठीचं भारतीय मानक सांगतं. मला विचाराल तर पहिल्या रांगेपासून शेवटची रांग २० मीटरच्या आत ठेवा. मराठी नाटक बरंचसं चेहऱ्यावर चालतं. भुवई हललेली दिसली नाही तर अर्धा विनोद वाया. ९५ सेंटिमीटर अंतराने २० रांगा धरल्या तर १९ मीटर होतात, आणि एका रांगेत सरासरी ३२-३३ खुर्च्या धरल्या की ६५० भरतात. बाल्कनीची गरजच उरत नाही. बाल्कनी टाळली की दोन जिने, त्यांची अग्निसुरक्षा आणि तिच्याखालच्या मागच्या रांगांमध्ये दबणारा आवाज, सगळंच टळतं.

दृष्टिरेषेचा नियम असा: मागच्याची नजर पुढच्याच्या डोक्यावरून साधारण १२ सेंटिमीटर वरून गेली पाहिजे. खुर्च्या एकाआड एक सरकवून मांडल्या तर ८ सेंटिमीटरवर भागतं. त्यामुळे उतार एकसारखा नसतो, मागे जाल तसा तो चढा होत जातो. ठेकेदार तो सरळ उतार करायला बघतो, कारण शटरिंग सोपं पडतं. म्हणून प्रत्येक रांगेची पातळी आकड्यांत लिहिलेलं स्वतंत्र ड्रॉइंग द्या आणि स्लॅब ओतण्यापूर्वी लेव्हल मशीन लावून तपासा. इथे चुकलं की दुरुस्ती नाही.

रंगमंचाची उंची पहिल्या रांगेच्या जमिनीपासून ९० सेंटिमीटर ते १ मीटर. भाषणबाजांना उंच व्यासपीठ आवडतं, पण सव्वा मीटरच्या वर गेलात की पुढच्या तीन रांगांना नर्तकीचे पाय दिसत नाहीत.

पाचवा टप्पा: रंगमंच आणि त्यामागचं जग

इथे जरा थांबणार आहे, कारण बहुतेक नाट्यगृहं इथेच हरतात.

व्यावसायिक नाटकाचा दुपारचा प्रयोग एका गावात आणि रात्रीचा दुसऱ्या गावात असतो. सेट उतरवणं, लावणं, प्रकाश जुळवणं याला हातात दोन-तीन तास. टेम्पोचा पाटा जमिनीपासून अंदाजे एक मीटर उंच असतो. मागच्या अंगणाची पातळी अशी ठेवा की टेम्पो धक्क्याला लागला की पाटा आणि रंगमंच एका पातळीत येतील. मग सोफा, सेटच्या भिंतींच्या चौकटी (फ्लॅट), जिना सगळं सरळ आत ढकलता येतं. दार किमान अडीच मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच, वर छप्पर. कोकणात आणि घाटावर पावसात सेट उतरवावा लागतो. मधे वळण, खांब, पायरी काही नको. या एका दारामुळे निर्माते तुमच्या गावाची तारीख आनंदाने घेतात.

रंगमंचाची दर्शनी चौकट १० ते ११ मीटर रुंद, साडेपाच-सहा मीटर उंच. खोली ९ ते १० मीटर. दोन्ही बाजूंच्या विंगा चौकटीच्या निम्म्या रुंदीच्या, म्हणजे प्रत्येकी ५ मीटर तरी. प्लॅनमध्ये जागा कमी पडली की सगळ्यात आधी विंगांवर कात्री चालते, कारण त्या प्रेक्षकाला दिसत नाहीत. ती कात्री अडवा. मागच्या पडद्याच्याही मागून एका विंगेतून दुसऱ्या विंगेत जाता येईल अशी मीटर-सव्वा मीटरची वाट ठेवा, नाहीतर डावीकडून गेलेला नट उजवीकडून यायला इमारतीला वळसा घालतो.

सेट वर उचलून घ्यायचा पूर्ण मनोरा चौकटीच्या अडीच पट उंचीचा लागतो. तालुक्याच्या नाट्यगृहाला त्याची गरज नाही असं माझं मत. त्याचे पैसे दुसरीकडे लावा. मात्र रंगमंचावर ८-९ मीटर निव्वळ उंची, भार पेलणारी पाइपची जाळी आणि खाली उतरवता येणारे बार हवेतच. बारवर किती किलो टांगता येतील ते पाटीवर रंगवून ठेवा.

जमीन लाकडी. खाली बॅटन, वर फळ्या, किंचित लवचीक, पॉलिश नसलेली. कितीतरी ठिकाणी रंगमंचावर ग्रॅनाइट किंवा टाइल्स दिसतात, चकचकीत. त्यावर लावणी किंवा कथक करणाऱ्या मुलीच्या घोट्यांना विचारा. शिवाय लाकडात खिळा ठोकून सेट पक्का करता येतो, टाइलमध्ये नाही.

प्रेक्षागृहाच्या छतातून रंगमंचावर पडणारे पुढचे दिवे चेहऱ्यावर साधारण ४५ अंशांनी पडायला हवेत. ती जागा छेदात आधी ठरवा आणि तिथवर चालत जायची लोखंडी वाट करा. शिडी लावून, खुर्च्यांच्या रांगांवर तोल सांभाळत दिवे फिरवणारा मुलगा ही आपल्याकडची नेहमीची आणि जिवावरची गोष्ट आहे. ध्वनिनियंत्रण कक्षाला काच नको, उघडी खिडकी हवी; ऐकू आल्याशिवाय आवाज कसा जुळवणार? बाहेरून येणाऱ्या कंपनीच्या दिव्यांसाठी आणि ध्वनीसाठी विंगेजवळ वेगवेगळे थ्री-फेज जोड द्या. दोघांची लाइन एकच असली की स्पीकरमधून प्रयोगभर घूं असा आवाज येत राहतो.

रंगपट रंगमंचाच्याच पातळीवर. निदान चार खोल्या, त्यांतल्या दोन मोठ्या. प्रत्येक बाजूला स्वतःचं शौचालय आणि न्हाणीघर, वाहतं पाणी, इस्त्रीची जागा, आरशाला दोन्ही बाजूंनी दिवे. वरचा एकच बल्ब चेहऱ्यावर सावल्या पाडतो आणि मेकअप बिघडतो. बॅकस्टेजच्या मुलांसाठी पाठ टेकायला एक खोली द्या. ते रात्रभर प्रवास करून आलेले असतात.

सहावा टप्पा: आवाजाचं गणित

हे गणित आर्किटेक्टने नगरपरिषदेसमोर आकड्यांत मांडलं पाहिजे. अवघड नाही.

आवाज सभागृहात किती वेळ घुमतो, तो वेळ नाटकासाठी एका सेकंदाच्या आसपास हवा. जास्त झाला की एका शब्दावर दुसरा चढतो. सॅबिनचं सूत्र असं: घुमण्याचा वेळ म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले एकूण शोषण, म्हणजे भिंती, खुर्च्या आणि माणसं मिळून आवाज किती गिळतात ते. दर माणशी साडेचार घनमीटर धरले तर ६५० जणांना सुमारे २,९०० घनमीटर होतात. एक सेकंद मिळवायला शोषण लागतं ४६७ एकक. खुर्चीत बसलेला माणूस सुमारे ०.४५ शोषतो, म्हणजे भरलेलं सभागृह एकटं २९० च्या वर देतं. उरलेले १७५ भिंती, पडदे, गालिचे आणि रंगमंचाचं उघडं तोंड यांतून मिळवायचे.

आता खुर्च्या प्लॅस्टिकच्या किंवा प्लायच्या घेतल्या आणि सभागृह रिकामं असलं, तर खुर्च्यांचं शोषण ३० वर येतं आणि घुमण्याचा वेळ सव्वादोन सेकंदांच्या पुढे जातो. दुपारी तालीम करून जुळवलेला आवाज रात्री सगळा बदलतो. जाड गादीची, कापडी खुर्ची रिकामी असतानाही माणसाच्या जवळपास शोषते. म्हणून खुर्ची ही फर्निचरची बाब नसून ध्वनीची बाब आहे, आणि ती शेवटी उरलेल्या पैशांत स्वस्त घ्यायची नसते.

भव्य दिसावं म्हणून छत उंच नेलं आणि घनफळ दर माणशी सात घनमीटर झालं, तर तेवढ्याच शोषणात वेळ दीड सेकंदाच्या वर जातो. मग पॅनेलवर लाखो रुपये घालून ती उंची गिळावी लागते. घुमट आणि मागची अंतर्वक्र भिंत तर आवाज एका जागी गोळा करून परत फेकतात. घुमट हवाच असेल तर बाहेरच्या दालनावर करा.

पावसाचं काय? पत्र्याच्या छपराखाली जुलैतला प्रयोग म्हणजे मूकनाट्य. काँक्रीटचा स्लॅब सगळ्यात भरवशाचा. मोठ्या गाळ्यामुळे पत्रा घ्यावाच लागला तर त्याखाली जाड खनिज लोकर आणि जड बोर्डाचे दोन थर, मधे पोकळी ठेवून. ही बाब अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून हवी. एसीचा आवाजही तसाच: यंत्रं सभागृहाला चिकटून नकोत, हवा मोठ्या डक्टमधून हळू सोडायची. डक्ट लहान केला की हवा शिट्टी वाजवते. रंगमंचाची थंड हवा वेगळ्या नियंत्रणावर ठेवा, नाहीतर पहिली घंटा होण्याआधीच मागचा पडदा हलायला लागतो.

सातवा टप्पा: मध्यंतर

मध्यंतर १५ मिनिटांचं. ६५० पैकी अर्ध्या स्त्रिया, म्हणजे ३२५. राष्ट्रीय इमारत संहितेच्या हिशेबाने त्यांना सुमारे ९ शौचकूप येतात. एका बाईला दीड मिनिट धरलं तर एका शौचकुपावर १५ मिनिटांत दहा जणी, एकूण ९०. उरलेल्या रांगेत, आणि तिसरी घंटा झालेली. संहितेतला आकडा किमान असतो हे विसरलं जातं. १६ ते १८ करा, दोन बाजूंना विभागून, आत जायची आणि बाहेर यायची दारं वेगळी. ज्येष्ठ प्रेक्षक हेच आपल्याकडच्या नाटकाचे सगळ्यात निष्ठावान प्रेक्षक आहेत, तेव्हा ही सोय तिकीटविक्रीचीही सोय आहे.

रॅम्प १:१२ पेक्षा चढा नको आणि तो मुख्य दारातूनच हवा, बाजूच्या बोळातून नव्हे. चाकाच्या खुर्चीच्या जागा एकाच कोपऱ्यात न ठेवता दोन-तीन ठिकाणी आणि सोबत्याच्या खुर्चीशेजारी. रंगमंचावर जायलाही चाकाच्या खुर्चीची वाट हवी. पुरस्कार घ्यायला आलेल्या माणसाला चार जणांनी उचलून नेणं बघवत नाही.

उपाहारगृहाचा धूर आणि वास प्रेक्षागृहात येणार नाही एवढं बघा. बटाटेवड्याला मात्र कोणी हात लावू नये.

आठवा टप्पा: आग

१३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसं गेली. आग खालच्या पार्किंगमधल्या ट्रान्सफॉर्मरची होती. वर बाल्कनीत धूर भरला आणि जादा खुर्च्यांसाठी वाट व दार बंद केलेलं होतं. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं केलं होतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत जळालं. नाट्यगृहात कापड, लाकूड, रंग, तात्पुरत्या वायरी आणि तापलेले दिवे एकाच जागी असतात. नवल आगीचं नाही, एरवी लागत नाही याचं आहे.

आखणीत हे करा: कुठल्याही खुर्चीपासून सुरक्षित बाहेर पडण्याचं अंतर ३० मीटरच्या आत, जिना असेल तर किमान २ मीटर रुंद, दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी आणि आडव्या दांडीला ढकललं की सुटणारी. रंगमंचाला प्रेक्षकांपासून वेगळी स्वतःची दोन बाहेर पडायची दारं. रंगमंचाच्या छतात धूर बाहेर सोडणारी झडप. विद्युत पॅनेल आणि ट्रान्सफॉर्मर इमारतीबाहेर.

कागदावर: महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार आधी तात्पुरतं आणि काम झाल्यावर अंतिम ना-हरकत प्रमाणपत्र, आणि नंतर दर जानेवारी-जुलैला परवानाधारक संस्थेचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र. ते नगरपरिषदेनेच नगरपरिषदेला द्यायचं असल्यामुळे राहून जातं. कॅलेंडरवर लिहा. मोक्याच्या दाराला कुलूप लावणाऱ्या पहारेकऱ्याचा इलाज मात्र कोणत्याही संहितेत नाही. तो व्यवस्थापकानेच करायचा.

नववा टप्पा: अंदाजपत्रक, निविदा, पैशांचे हप्ते

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत विटा, काँक्रीट, फरशी सगळं आहे. रंगमंचाची जाळी, ध्वनिशोषक पॅनेल, मखमली पडदे, दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारे डिमर यांचे नेमके दर बहुधा मिळत नाहीत. त्यासाठी दरपृथक्करण (साहित्य-मजुरीचा हिशेब मांडून काढलेला दर) आणि तीन दरपत्रकं जोडून त्या बाबी तांत्रिक मान्यतेतच घ्या. ‘नंतर बघू’ म्हटलं की त्या एकरकमी आकड्यात जातात आणि तो आकडा सगळ्यात आधी आटतो.

सगळं एकाच ठेकेदाराला दिलं तर तो पॅनेल गावातल्या फर्निचरवाल्याकडून करून घेतो. स्थापत्य काम एक निविदा, रंगमंच व ध्वनी-प्रकाश दुसरी, असं वेगळं करा. दोन्हींचा ताळमेळ ठेवायची जबाबदारी आर्किटेक्टच्या करारात लिहा. स्थापत्याची निविदा बाबवार दरांची, म्हणजे ‘बी-२’ घेतली तर नंतर बदल करताना भांडणं कमी होतात, असा आमचा अनुभव.

निधी जिल्हा नियोजन समिती, वैशिष्ट्यपूर्ण योजना, आमदार निधी असा तुकड्यातुकड्यांनी येतो. म्हणून महाराष्ट्रात अर्धवट नाट्यगृहांचे सांगाडे दिसतात. टप्पे पाडताना दर्शनी बाजू, कुंपण आणि कमान शेवटी टाका. पहिल्या पैशात सांगाडा, छप्पर, विंगा आणि टेम्पोचं दार. दुसऱ्यात वीज, अग्निसुरक्षा, खुर्च्या, शौचालयं. छप्पर आणि खुर्च्या असल्या की गाव उरलेल्या पैशांसाठी स्वतः भांडतं. कमान आणि कारंजं झालं की कोणी भांडत नाही, कारण बाहेरून सगळं झालेलं दिसतं.

जुनी वास्तू दुरुस्त करायची असेल तर क्रम वेगळा: आधी संरचनेची तपासणी, मग बाकी सगळं. पणजीची कला अकादमी हे चार्ल्स कोरिया यांचं काम, रस्त्यावरून थेट मांडवीच्या काठापर्यंत माणसांना वाट देणारं. तिचं नूतनीकरण सुरू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरचा स्लॅब कोसळला.

दहावा टप्पा: ताबा घेताना

उद्घाटनाआधी दोन प्रयोग करा, आमंत्रण पत्रिका न छापता. एक व्यावसायिक नाटक, एक शाळेचं स्नेहसंमेलन. नाटकवाले मागची बाजू तपासतात, पोरं उरलेलं सगळं. घुमण्याचा वेळ मोजून त्याचा अहवाल करारातल्या आकड्याशी ताडा आणि त्यानंतरच ध्वनीच्या कामाचं अंतिम बिल सोडा. सगळ्या शौचालयांचं पाणी एकाच वेळी पाच मिनिटं सोडून पाहा. वीज तोडून जनरेटर किती सेकंदांत येतो आणि अंधारात बाहेरची वाट दिसते का, हे पाहा.

आर्किटेक्टकडून प्रत्यक्ष झालेल्या कामाचे नकाशे घ्या, मंजुरीचे नव्हे. वायर आणि पाइप कुठून गेले हे त्यांत असलं पाहिजे. एक संच मुख्याधिकाऱ्यांकडे, एक रंगमंच व्यवस्थापकाच्या कपाटात. आणि रंगमंच व्यवस्थापक व इलेक्ट्रिशियन ही दोन पदं इमारत पूर्ण होण्याच्या सहा महिने आधी भरा, म्हणजे यंत्रणा बसताना ती माणसं तिथे उभी असतील. सफाईच्या ठेक्यात प्रयोग संपल्यावरची रात्रीची फेरी लिहा.

भाड्याचे दर ठरवताना हौशी संस्था, तालीम, व्यावसायिक प्रयोग आणि राजकीय कार्यक्रम असे चार वेगळे दर ठेवा. प्रत्येक तिकिटातून ठरावीक रक्कम देखभालीच्या वेगळ्या खात्यात जाईल असा सर्वसाधारण सभेचा ठराव उद्घाटनाआधी करून घ्या. नंतर तो होत नाही. तारखांचं वाटप तीन महिन्यांच्या गटांनी, ठरलेल्या दिवशी, सगळ्यांसमोर.

दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत, संपायच्या दोन महिने आधी, शक्यतो पाऊस चालू असताना, ठेकेदार आणि आर्किटेक्ट दोघांना सोबत घेऊन छतापासून खाली फिरा: छताचे सांधे, जाळीचे नटबोल्ट, रंगमंचाच्या फळ्या, दारांच्या दांड्या, खुर्च्यांचे स्प्रिंग, डक्टमधलं गळणारं पाणी. प्रत्येक दोषाचा फोटो, तारीख आणि दोघांची सही घ्या. अनामत रक्कम त्या यादीवर खुणा झाल्यावरच सोडा.